वाचकांचे प्रश्न : शाळेची परसबाग आणि ताटातलं अन्न

प्रश्न : आमची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. दरवर्षी जुलैत टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं आणून परसबाग करतो. निम्मी रोपं पावसात मरतात, उरलेली दिवाळीच्या सुट्टीत वाळतात. सत्तर मुलांमागे हाती येतात चार टोमॅटो. आमचं कुठं चुकतं?
— शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा

उत्तर : पिकाची निवड चुकते. पावसाळी टोमॅटोवर करपा येतो, आणि फळं नेमकी सहामाही परीक्षा ते दिवाळी या काळात धरतात. शिवाय रोपं विकत आणली की मुलांना बी दिसतच नाही. शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून पिकं निवडा. जून ते दिवाळी हा एक हंगाम आणि दिवाळी ते मार्च हा दुसरा. एप्रिलनंतर वाफा मोकळा ठेवा, वर पालापाचोळा पसरा. मे महिन्यात पाणी घालायला कुणी नसतं, हे धरूनच चाला.

पहिल्या हंगामासाठी भुईमुगाला तोड नाही. फूल वर लागतं आणि शेंग मातीत धरते, हे पाहिल्याशिवाय मुलांना पटत नाही; मोठ्यांपैकीही अनेकांनी ते पाहिलेलं नसतं. दोन मीटर बाय एक मीटरचा वाफा घ्या. जमिनीपासून अर्धा फूट उंच करा, नाहीतर पाणी साचून बी कुजतं. उपट्या, म्हणजे न पसरता झुडपासारख्या उभ्या वाढणाऱ्या, जातीचं बी आणा. शेंगा पेरणीच्या दिवशीच फोडा आणि लाल साल निघालेले दाणे बाजूला काढा, ते नीट उगवत नाहीत. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन दाण्यांत १० सेंटिमीटर आणि खोली ४ ते ५ सेंटिमीटर ठेवा. या वाफ्याला ६५ ते ७० दाणे पुरतात. दहा-बारा जास्तीचे ठेवा, कारण कावळे आणि खारी पहिल्या आठवड्यात उकरतातच. उगवण होईपर्यंत वर बाभळीच्या काट्या किंवा जुनी जाळी टाका.

महिनाभरात पिवळी फुलं येतात. फूल सुकलं की त्याच्या बुडातून आऱ्या, म्हणजे टोकाला शेंग धरणारे सुईसारखे देठ, सुटतात आणि मातीत घुसतात. त्याआधी खुरपणी उरकून झाडांना मातीची भर लावा. आऱ्या जमिनीत गेल्यावर मात्र खुरपं लावू नका. शाळांमध्ये भुईमूग फसतो तो बहुधा इथंच. साहेब भेटीला येणार म्हणून वाफा स्वच्छ करायला जातात आणि आऱ्या तुटतात. तण राहिलं तर राहू द्या.

साधारण ११० दिवसांनी एक झाड उपटून शेंग फोडा. टरफल आतून काळपट झालं असेल तर पीक तयार आहे. शेंगा चार-पाच उन्हं द्या. बुरशी आलेली शेंग कुणालाही खायला देऊ नका, बुरशीतलं विष भाजूनही जात नाही. दाणे वाटण्याआधी शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, तेही पालकांना विचारा.

खरा धडा यानंतरचा आहे. दोन चौरस मीटरमधून ३०० ते ४०० ग्रॅम वाळल्या शेंगा मिळतात. त्यांचे दाणे साधारण २५० ग्रॅम भरतात आणि घाण्यावर नेले तर तेल जेमतेम १०० ग्रॅम निघतं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. म्हणजे पावणेचार महिन्यांचं पीक वीस मुलांच्या एका दिवसाच्या फोडणीला पुरलं. तुमच्या सत्तर मुलांना वर्षभर पुरेल एवढ्या तेलाला किती वाफे लागतील, हे गणित चौथीची मुलं फळ्यावर सोडवू शकतात. ‘अन्न वाया घालवू नये’ असं भिंतीवर रंगवून जे साधत नाही, ते या एका गणितानं साधतं. तेव्हा वजनकाटा आधी आणा, झारी नंतर.

दिवाळीनंतर त्याच वाफ्याच्या अर्ध्या भागात गहू आणि अर्ध्यात मेथी घ्या. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींनी हवेतला नत्र धरलेला असतो. त्यातला काही मुळं आणि पाल्यासोबत जमिनीत राहतो, म्हणून पाला वाफ्यातच गाडा. झाड उपटाल तेव्हा मुळावरची एखादी गाठ नखानं फोडून दाखवा. आतून गुलाबी असेल तर ती काम करत होती, हिरवट किंवा करडी असेल तर नव्हती. बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट, का पाळायची, हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही.

एक चौरस मीटरला १० ते १२ ग्रॅम गहू नोव्हेंबरच्या मध्यात ओळीत पेरा. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचं पाणी अजिबात चुकवू नका, तेव्हा खोडाच्या बुडाशी मुकुटमुळं, म्हणजे गव्हाची कायमची मुळं, फुटतात. पुढची पाणी साधारण ४०, ६० आणि ८० दिवसांनी द्या. जमीन हलकी असेल तर मध्ये आणखी लागतील. मार्चमध्ये २०० ते ३०० ग्रॅम गहू निघेल. एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम पीठ धरलं तर आठ-दहा पोळ्या झाल्या. मेथी एक चौरस मीटरला दोन चहाचे चमचे बी, सेंटिमीटरभर खोल. बी रात्रभर भिजवा. पंचवीस-तीस दिवसांत जुडी हाती येते आणि पहिलीतली मुलं तेवढी वाट पाहू शकतात. गव्हाची वाट पाहणं त्यांच्या वयाला जमत नाही. तो तिसरी-चौथीकडे सोपवा.

प्रश्न : आमची शाळा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे. मैदान नाही, गच्ची आहे. भाजी कुठून येते असं विचारलं तर मुलं ॲपचं नाव सांगतात. इथं काय पिकवता येईल?
— शिक्षक, प्राथमिक विभाग, ठाणे

उत्तर : समुद्रमेथी. मुंबईच्या बाजारात इवल्या जुड्यांत मिळते ती, वाळूत वाढवलेली. उथळ ट्रे घ्या, तळाला भोकं पाडा, पाच-सहा सेंटिमीटर धुतलेली वाळू भरा. समुद्राची आणाल तर खारेपणा जाईपर्यंत धुवा. भिजवलेले मेथीदाणे एकमेकांना जेमतेम टेकतील इतके दाट पसरा आणि वर वाळूचा पातळ थर द्या. दिवसातून दोनदा पाण्याचा हबका मारायचा, ओतायचं नाही. दोन आठवड्यांच्या आत काढणी होते. शुक्रवारी ट्रे सावलीत सरकवून पुरेसा ओलावा ठेवला तर शनिवार-रविवार निभावतो. मेथी सडते ती बहुतेक वेळा बंद भोकांमुळे.

बादल्यांत चवळी, मिरची, अळू ही पिकं घ्या. वीस लिटरची बादली खाद्यपदार्थांची हवी, रंगाची नको. भरण्यासाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग नारळाचा भुसा. नुसती काळी माती भरली तर ती तडकते आणि पाणी कडेनं निघून जातं.

गच्चीवर दोन गोष्टी मुलांवर सोडायच्या नाहीत. ओल्या मातीची एक बादली २५ ते ३० किलो भरते, तेव्हा चाळीस बादल्या मांडण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारा आणि त्या तुळयांच्या रेषेत ठेवा. दुसरं म्हणजे बादली कठड्यापासून निदान एक मीटर आत असावी. कठड्याला टेकवलेली बादली ही लहान मुलासाठी पायरी असते.

प्रश्न : उरलेली खिचडी आणि भाज्यांची देठं आम्ही खड्ड्यात टाकतो. वास सुटतो, कुत्री येतात. पालकांनी तक्रार केली आहे. खड्डा बंद करावा का?
— मुख्याध्यापक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : खड्डा बंद करू नका, पण खिचडी थांबवा. शिजलेल्या अन्नात पाणी, तेल, मीठ असतं. ते दाबलं जातं, आत हवा राहत नाही आणि कुजण्याऐवजी आंबतं. खड्ड्यात फक्त कच्ची देठं, साली आणि पालापाचोळा जाऊ द्या. एक बादली ओल्या कचऱ्याला तीन बादल्या वाळला, चुरलेला पाला. आवारातला पाला जाळण्याची सवय असेल तर ती आजच मोडा, खताचा निम्म्याहून अधिक माल तोच असतो. दर आठवड्याला वरचं खाली करा. मूठभर माल हातमोजा घालून पिळा. एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाला वाढवा, काहीच निघालं नाही तर पाणी शिंपडा. झणझणीत वास आला तर ओला माल जास्त झाला असं समजा. अडीच-तीन महिन्यांत मातीचा वास येणारं काळं खत तयार होतं.

आता उरलेल्या खिचडीचं. ती कुजवायची कशी, यापेक्षा उरते का, हे आधी पाहा. आठवडाभर ताटातलं उष्टं एका बादलीत आणि पातेल्यात उरलेलं दुसरीत, असं वेगवेगळं मोजा. तांदूळ शिजून पावणेतीन-तीन पट होतो आणि पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरलेलं आहे. म्हणजे सहा किलो भात उरला तर वीस मुलांचा तांदूळ गेला. पातेल्यात उरत असेल तर हजेरीचा आकडा स्वयंपाकघरात उशिरा पोहोचतो आहे. ताटात उरत असेल तर पहिल्यांदा कमी वाढा, हवं त्याला पुन्हा वाढा. आकडे मुलांनीच तक्त्यावर लिहावेत, पण कुणाच्या ताटात किती उरलं ते नावानिशी लिहू नये.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात ‘अंड्यात पिल्लू असतं का?’ आणि ‘आपण दूध घेतल्यावर वासरू काय पितं?’ असे प्रश्न आले. वर्गात खाणारी आणि न खाणारी, दोन्ही घरांतली मुलं आहेत. उत्तर टाळावं का?
— शिक्षिका, नागपूर

उत्तर : टाळू नका. टाळलेल्या प्रश्नांची उत्तरं मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना देतात. जे आहे ते सांगा. अंडी देणाऱ्या व्यावसायिक फार्मवर कोंबडे ठेवत नाहीत, त्यामुळे दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. दारच्या कोंबडीच्या, कळपात कोंबडा असलेल्या अंड्यातून निघू शकतं, पण त्याला २१ दिवस सतत ऊब लागते. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही; गाभण काळ सुमारे सव्वानऊ महिन्यांचा, म्हशीचा दहाच्या पुढे. दूध काढताना काहीजण वासराला आधी किंवा नंतर पाजतात, काही ठिकाणी त्याला वेगळं ठेवून मोजून पाजतात. कोणतं बरं, हे मुलांना विचारा, बोलू द्या. कोणाच्या घरचं खाणं चांगलं, हा मात्र वर्गातला विषय नाही. चर्चा तिकडे वळली की थांबवा.

प्रश्न : परसबागेतल्या वालावर काळा मावा पडला आहे. मुलांकडून फवारणी करून घेतली तर चालेल?
— शिक्षक, रायगड जिल्हा

उत्तर : नाही, घरगुती अर्काचीसुद्धा नको. मुलांनी भिंग घेऊन निरीक्षण करावं. माव्यात काळी-नारिंगी, मगरीसारखी दिसणारी अळी दिसली तर ती ढालकिड्याची (लेडीबर्ड) आहे आणि मावाच खाते आहे, आठवडाभर थांबा. शेंड्यांवर मावा फारच दाटला असेल तर तेवढे शेंडे खुडा. तरीही आटोक्यात आला नाही तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून मोठ्यांनी संध्याकाळी फवारावी. शेणखताचा किंवा युरियाचा हात सैल झाला की कोवळा पाला वाढतो आणि मावा येतो, हेही तपासा.

प्रश्न : चौथीची सहल गुऱ्हाळावर न्यायची आहे. काय दाखवावं?
— शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत न्या, तेव्हा गुऱ्हाळं भरात असतात. आधी शेतातला ऊस दाखवा आणि तो किती महिन्यांचा आहे ते विचारा. सुरू ऊस वर्षाचा, आडसाली दीड वर्षाचा असतो. मग रस काढायचा चरक, तो उकळायची मोठी कढई म्हणजे काहील, आणि गुळाचे साचे. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो, तेव्हा एका ढेपेमागे किती ऊस गेला ते काढायला लावा. चुलवाणात काय जळतं ते मुद्दाम बघा : रस काढून वाळवलेली चिपाडं. काही ठिकाणी रसातली मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरतात, काही ठिकाणी रसायन. गुळव्याला विचारलं तर तो सांगतो. मुलं दहा-दहाच्या गटानं आत न्या, काहिलीपासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी करा, चरकाजवळ ओढण्या आणि मफलर काढून ठेवायला लावा. गरम काकवी कुणाच्या हातावर देऊ नका, चव द्यायचीच तर गार झालेल्या गुळाची द्या.