नाताळसाठी दीड लाखाचं पर्सनल लोन घेऊ की नको?

प्रश्न थोडक्यात सांगतो. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या ताई आहेत, वय ३१, नागपूरला एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स, हातात ३१,००० पगार येतो. घरी आई, भाऊ, वहिनी, भावाची दोन लेकरं आणि तीन एकर कोरडवाहू वावर. बँकेच्या ॲपवर त्यांना १,५०,००० चं प्री-अप्रूव्हड पर्सनल लोन दिसतंय, १६ टक्के, ३६ महिने, आणि त्या पैशात यंदाचा नाताळ असा करायचाय की सगळं गाव पाहत राहिलं पाहिजे. त्या लिहितात, "सर, मी मिशनच्या होस्टेलात शिकली. सुट्ट्या लागायच्या तं बाकी पोरी नाचायच्या आन् माह्या पोटात गोळा यायचा. होस्टेलात दोन टाइम जेवण भेटे. घरी गेली का सकाळी आईसंग लोकाच्या वावरात कापूस वेचाले, आन् रात्री कॅरलवाले दारात आले का आई म्हणे दिवा इझव, काय देशीन त्यायले. जानेवारीत परत गेली का सगळ्या इचारत, नवीन काय घेतलं. आता कमावते, तं एकदा हे सगळं धुऊन काढायचं आहे."

ताई, पहिले उत्तर देऊन टाकतो म्हणजे तुम्ही अधांतरी राहणार नाही. लोन घेऊ नका. नाताळ मात्र करा, नीट करा, आणि तो तुमच्या स्वतःच्या पैशातून होतो, हे मी तुम्ही दिलेल्याच आकड्यांवरून दाखवतो. सणावर खर्च करायचाच नाही असं सांगणाऱ्यातला मी नाही, ज्या घरानं वर्षानुवर्षं सण टाळून काढला त्या घराला तर तो हक्कच आहे.

आता लोनचं बघा. हप्ता बसतो ५,२७४ च्या आसपास, ३६ हप्ते भरून होतात १,८९,८६४, म्हणजे व्याजच जवळपास ४० हजार. वरून २ टक्के प्रोसेसिंग फी धरली तर ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०, हे आधीच कापून तुमच्या खात्यात येणार १,४६,४६० आणि व्याज मात्र पूर्ण दीड लाखावर लागणार, तर खरा दर १६ नाही, पावणेअठराच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या रिटेल लोनसोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे, तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत, त्यात हा सगळा खर्च धरलेला वार्षिक दर लिहिलेला असतो. ॲपवर मोठ्या अक्षरातला हप्ता बघून बोट लावण्याआधी तो कागद उघडून बघायची सवय कोणत्याही लोनला ठेवा.

तुमचा महिना असा आहे: रूम आणि जेवण १२,०००, घरी ६,०००, नर्सिंगच्या एज्युकेशन लोनचा हप्ता ३,४००, एसआयपी २,०००, जाणं-येणं, मोबाइल, बारीकसारीक ३,५००. उरतात ४,१००. हप्ता ५,२७४ चा. तुम्ही म्हणता एसआयपी थांबवते, थांबवली तरी हप्ता जाऊन हातात उरतात ८२६ रुपये, आणि ते असं तीन वर्षं. आईला दवाखान्यात न्यावं लागलं, भावाचा फोन आला, एखादा महिना बिनपगारी गेला की कुठून काढाल? मग क्रेडिट कार्ड, नाहीतर मैत्रिणीकडून उसने. ज्या डिसेंबरचा तुम्हाला धसका आहे तसेच आणखी तीन डिसेंबर तुम्ही सही करून अंगावर घेताय, फरक इतकाच की यावेळी दारात वसुलीचा मेसेज असेल.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या यादीबद्दल. समोरच्या खोलीला टाइल्स ३५,०००, सोफा १८,०००, टीव्ही १४,०००, सगळ्या मोहल्ल्याला मटणाचं जेवण ४०,०००, कपडे २५,०००, केक-लायटिंग ८,०००, नातेवाइकांना भेटी १०,०००. बरोब्बर दीड लाख. ही यादी वाचली आणि मग तुम्ही होस्टेलच्या सुट्ट्यांबद्दल लिहिलेलं परत वाचलं, तर दोन्हीचा मेळच बसत नाही. तुम्हाला भीती सोफा नसल्याची नव्हती ना ताई. भीती होती ती किराणावाल्यासमोर आई खाली मान घालून उभी राहते त्याची, पाहुणा आला तर घरात साखर नाही त्याची, सुट्टीतही पोटासाठी मजुरीला जावं लागतं त्याची. आणि तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात की भावाची आजही गावातल्या किराणा दुकानात ९,४०० ची उधारी आहे आणि वहिनी बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी शेजारी पैसे मागत फिरते. दीड लाखाच्या यादीत या ९,४०० ला एक रुपया नाही! म्हणजे टाइल्सवर सोफा येईल, मोहल्ला जेवून जाईल, आणि २६ तारखेला तुमची नऊ वर्षांची भाची त्याच दुकानात पिशवी घेऊन जाईल आणि दुकानदार तिला म्हणेल बापाला पाठव. ती तेच शिकेल जे तुम्ही शिकलात.

म्हणून माझ्या हिशोबात पहिला खर्च ती उधारी. नाताळच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि हे भावाच्या हातात सगळ्यांसमोर पैसे देऊन करू नका, त्याला ते लागेल, वहिनीशी आधी फोनवर बोला, तिच्या खात्यात टाका, तिला जाऊन वही मिटवू द्या. घरातली इज्जत तिच्या हातानं राहिली तर पुढं ती तुमच्यापासून काही लपवणार पण नाही.

तुमच्या सेव्हिंगमध्ये २८,००० आहेत, आणि दोन महिन्यांचे उरणारे ८,२०० धरले तर ३६,२०० होतात. त्यातून किराण्याचे ९,४००, घरच्या सगळ्यांचे कपडे ८,०००, आईचं लुगडं आणि चप्पल २,०००, करंज्या, शेव, चिवडा, अनारसे आणि पंचवीसेक माणसांचं मटण मिळून ७,०००, दारातली चांदणी, लायटिंगची माळ आणि एक केक १,०००, तुमचं जाणं-येणं १,५००. झाले २८,९००. सात हजार वर उरतात, ते सध्या बाजूला ठेवा, त्यांचं काम पुढं सांगतो. आणि कॅरलवाले येतील तेव्हा त्यांच्या हातावर ठेवायला फराळ जास्तीचा करा, त्यात अजिबात हात आखडू नका, हा माझा आग्रह समजा.

एफडीच्या ८०,००० ला हात लावायचा नाही. तुमचा महिन्याचा अटळ खर्च घरी पाठवतात ते धरून २४,९०० आहे, म्हणजे ती एफडी तीन महिन्यांचा आधार आहे, त्याहून फारसा जास्त नाही, आणि तुमच्या घरात दुसरा आधार कोणाकडेच नाहीये.

मोहल्ल्याच्या जेवणाबद्दल तुम्ही लिहिलंय की "ज्यायनं कधी बोलावलं नाही त्यायले दाखवायचं आहे". हे मी हसण्यावारी नेत नाही, असं वाटतंच. पण ४०,००० म्हणजे तुमचा सव्वा महिन्याचा पगार आहे, नाइट ड्युट्या आहेत त्या, आणि ती माणसं जेवून घरी जातील. हात धुतल्यावर त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय राहील ते तुमच्या हातात नाही. ज्यांनी तुमच्या आईला खरंच कधी पायलीभर ज्वारी दिली असेल, होस्टेलात पोहोचवायला कोणी आलं असेल, अशी दोन-तीन घरं असतीलच, त्या घरांना जेवायला बोलवा, पंचवीसमध्ये ते बसतात.

सोफा मला पटत नाही, टाइल्स पटतात, पण घाईत नाही, उन्हाळ्यात करा, तेव्हा वावरात काम कमी असतं, भाऊ स्वतः मजुरीला उभा राहील तर मजुरी वाचते. टीव्ही पुढच्या वर्षी.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही पण जिथं या घराचा डिसेंबर खरा अडकतो ते सांगतो, कारण मी याच भागात काम करतो आणि कापसाच्या घरांचे हिशोब बघतो. तुमचं गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, ओलिताचं पाणी नाही, म्हणजे पैसा येतो तो कापूस, तूर, हरभऱ्याचा. दिवाळीच्या आसपासच्या वेच्याचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत जातो, तूर अजून उभी असते, हरभरा तर फुलावर, आणि अशा रिकाम्या वेळेत येतो नाताळ. मग काय होतं, सणाला पैसे पाहिजे म्हणून माणूस घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो, तो नगद देतो पण भाव पाडून देतो. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता आणि मध्यम धाग्याचा ७,७१०, पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर आधी त्यांच्या ॲपवर नोंदणी लागते, कापूस वाळलेला लागतो, १२ टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, आणि पैसे खात्यात यायला थांबावं लागतं. थांबायला घरात दहा-बारा हजार नसतात, तिथं सगळं फसतं. भावाकडं समजा १० क्विंटल असेल आणि क्विंटलमागे ७०० जरी कमी मिळाले तर ७,००० गेले, म्हणजे तुमच्या घरचा मटणाचा आणि फराळाचा अख्खा खर्च. तर भावाला विचारा, नोंदणी केली का, घरात किती माल आहे, सणासाठी विकायला काढला का. वर जे सात हजार उरतात ते त्याला हातउसने द्या, कापसाचे पैसे आले की परत घ्या, तेवढ्यानं तो थांबू शकला तर सोफ्यापेक्षा हजार पटीनं कामाचं.

पीककर्जाचंही विचारून घ्या. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही, तारीख चुकली की ती सवलत गेली, आणि कर्ज थकलं की पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही, मग गटाचं नाहीतर सावकाराचं. मार्चमध्ये चार-पाच हजारांसाठी त्याचं खातं थकत असेल तर तिथं मदत करा.

आणि पुढच्या नाताळासाठी जानेवारीपासून बँकेत महिन्याला ३,००० ची आरडी लावा, तुमच्या बँकेत ती मुदत मिळत असेल तर ११ महिन्यांची, नोव्हेंबरचा हप्ता शेवटचा. ३३,००० जमा होतात आणि साडेसहा टक्के धरले तर वर हजारेक व्याज, डिसेंबर सुरू व्हायला ३४ हजार खात्यात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही. पैसे आले की त्यातले पाच-सहा हजार आधी वहिनीच्या किराण्याला, मग बाकी यादी. या आरडीचं घरी सांगून ठेवा, लेकरांना पण सांगा, त्यांना माहीत असू द्या की आत्याचे डिसेंबरचे पैसे जमा होताहेत.

तुमच्या नावावर विमा काहीच दिसत नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योतीचे वर्षाला ४३६ रुपये आणि अपघाताच्या सुरक्षा विम्याचे २० रुपये, दोन्हीत २-२ लाखांचं कव्हर, बँकेच्या ॲपवरूनच होतं, तुमचा आणि भावाचा दोघांचाही काढा. एसआयपी चालू ठेवा, बाकी त्यात काही बदलू नका.

शेवटी तुम्ही लिहिलंय की नर्स झाल्यापासून दर नाताळला तुम्ही स्वतः ड्युटी मागून घेता, घरी पैसे पाठवता पण जात नाही. यंदा जा. सुट्टीचा अर्ज आजच टाका, रोस्टर लागल्यावर तुमच्या वॉर्डात कोणी बदली देणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिल्लक रजा किती आहे ते आधी बघा, बिनपगारी गेली तर दिवसाला हजाराच्या वर कापले जातील, म्हणून १० दिवस नको, २३ ते २७ पुरे. आणि ॲपवरची ती लोनची ऑफर आज रात्रीच नको म्हणून बंद करून टाका, समोर दिसत राहिली की एखाद्या थकलेल्या नाइटला बोट लागतं.