एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, सकाळी पाय टेकवत नाही. ऑपरेशन करावं लागेल का?

बहुधा नाही. असं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांनाही असतं, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. उठल्यावरची पहिली पावलं जीवघेणी आणि थोडं चालल्यावर बरं वाटतं, असं असेल तर ते बहुतेक वेळा प्लांटार फॅसायटिस असतं, म्हणजे तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून बघा. नेमकी तिथेच कळ येते ना?

खरा उपाय कंटाळवाणा आहे. पलंगावरून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि बोटं हाताने नडगीकडे ओढा. तळव्यात दोरीसारखा ताण हाताला लागला पाहिजे. 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातून 3दा. पोटऱ्याही ताणा. घरात अनवाणी फिरणं बंद, वजन जास्त असेल तर कमी करा. बरं व्हायला काही महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षभरात थांबतं.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनची घाई नको. आराम तात्पुरता मिळतो आणि क्वचित पट्टा फाटतो. मात्र बसल्याजागी किंवा रात्रीही ठणका, सूज, ताप, मुंग्या, किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.