'पॅन्स लॅबिरिंथ' युद्धपटांच्या यादीत बसतो का?

परी, फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा पुराणकथेतला प्राणी), चक्रव्यूह असलेला गिएर्मो देल तोरोचा 2006 चा हा सिनेमा युद्धपट कसा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते यादीत तो हवाच.

नुसती युद्धाची पार्श्वभूमी मला पुरत नाही. 'कासाब्लांका' युद्धाशिवाय उभाच राहत नाही, पण तिथे लढाई पडद्याबाहेर आहे, म्हणून तो मी प्रेमकथांतच ठेवतो. इथे तसं नाही. स्पेन, 1944. यादवी युद्ध 1939 लाच संपलंय, तरी डोंगरात बंडखोर लढतायत आणि त्यांना टिपायला हुकूमशहा फ्रँकोच्या सैन्यातला कॅप्टन विदाल जुन्या गिरणीत तळ ठोकून बसलाय. चकमकी होतात, कैद्यांचा छळ होतो, रेशनकार्डावर पाव वाटला जातो. त्याचं घर सांभाळणारी मेर्सेदेस आतून बंडखोरांना सामील आहे; ती अ‍ॅप्रनच्या घडीत सुरी लपवते. कोठार लुटलं जातं, पण कुलूप फोडलेलं नसतं. किल्ली कुणी दिली? विदालचा संशय तिथून तिच्याकडे वळतो. शत्रूच्या घरात राहून लढणं हेही युद्धच ना!

विदालची सावत्र मुलगी, छोटी ओफेलिया, हिची जादूची दुनिया याच भीतीला लागून आहे. त्यामुळे नावापुढे 'अद्भुतकथाही' एवढं जरूर लिहा, म्हणजे कुणी लहान मुलांना घेऊन बसणार नाही.