मस्टँग, मोकाट घोडा आणि आपली मिसळ

प्रश्न असा आला आहे: "मुलीबरोबर अमेरिकेच्या गाजलेल्या लष्करी विमानांची माहिती वाचतो आहे. पी-५१, बी-५२, सी-१३० यांतल्या अक्षरांचा अर्थ काय? शिवाय एका लेखात पी-५१ मस्टँगबद्दल 'जंगली घोडा असं नाव असलेलं लढाऊ जेट' असं वाचलं. ते बरोबर आहे का?"

नाही, 'जंगली घोडा'ही चूक आणि 'जेट'ही चूक. आधी 'लढाऊ'चं बघू, कारण हा शब्द रोज चुकीचा कानावर येतो आणि दरवेळी खटकतो. बातम्यांत बी-५२ लढाऊ विमान, सी-१३० लढाऊ विमान, यू-२ सुद्धा लढाऊ विमान! सैन्याचं जे उडतं ते सगळं लढाऊ, असा समज होऊन बसलाय. लढाऊ विमान म्हणजे हवेत दुसऱ्या विमानाशी झुंजणारं, फायटर. बी-५२ बाँबफेकी आहे, सी-१३० मालवाहू, यू-२ टेहळणीचं. सगळ्यांना मिळून एक शब्द हवा असेल तर 'लष्करी विमान' आहे की चांगला. मस्टँग लढाऊ आहे खरा, पण जेट मुळीच नाही, कुठल्याही फोटोत त्याच्या नाकाशी पंखा ढळढळीत दिसतो.

अक्षरांचं उत्तर छोटं आहे. एफ फायटर, बी बॉम्बर, सी कार्गो. 'पी' हा परस्यूटचा, म्हणजे पाठलागाचा. १९४८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने पी काढून एफ आणला, म्हणून कोरियाच्या युद्धात हेच विमान एफ-५१ म्हणून उडालं. नौदलाची पद्धत निराळी होती. फँटम या एकाच लढाऊ जेटला नौदल एफ४एच म्हणायचं आणि हवाई दल एफ-११०. १९६२ मध्ये सगळ्यांना एकच पद्धत लावली आणि तो एफ-४ झाला. पण अक्षरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. यू-२ मधला 'यू' युटिलिटीचा, म्हणजे किरकोळ कामाचं विमान. हेरगिरी झाकायला घेतलेलं ते सोंग होतं. एफ-११७ ला एफ लावलाय, पण त्याचं काम रात्री गुपचूप जाऊन जमिनीवरच्या लक्ष्यावर बाँब टाकण्याचं. हवेतली झुंज हा त्याचा प्रांतच नव्हे.

आता मस्टँगकडे येऊ, कारण खरा खजिना तिथे आहे.

मस्टँग म्हणजे 'जंगली घोडा' नव्हे. अमेरिका खंडातला मूळचा घोडा हजारो वर्षांपूर्वीच नष्ट झाला होता. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी जहाजांतून पाळीव घोडे नेले. त्यांतले काही सुटले, काही चोरीला गेले, काही सोडून दिले गेले, आणि त्यांच्या वंशजांचे कळप पश्चिमेकडच्या माळरानांवर वाढले. म्हणजे ही रानातली जात नाही, धन्याचा हात सुटलेली जात आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे: मोकाट. कुणी या घोड्यांच्या रक्षणासाठी केलेल्या १९७१ च्या अमेरिकी कायद्याकडे बोट दाखवून म्हणेल की त्यात तर 'वाइल्ड' लिहिलंय. पुढचा शब्दही वाचावा. 'फ्री-रोमिंग' लिहिलंय, म्हणजे मोकाटच.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. इंग्रजीने तो मेक्सिकन स्पॅनिशमधल्या 'मेस्तेन्यो', जुन्या रूपात 'मेस्तेंगो', या शब्दावरून घेतला. अर्थ: बेवारशी जनावर. तो आला 'मेस्ता'वरून. मेस्ता ही स्पेनमधल्या कॅस्टील राज्यातल्या मेंढपाळ-मालकांची बलाढ्य संघटना. १२७३ मध्ये दहाव्या अल्फोन्सो राजाने तिला सनद दिली आणि १८३६ पर्यंत ती टिकली. कळपांची सरमिसळ झाली आणि एखाद्या जनावराचा धनी सापडला नाही की ते मेस्ताच्या खात्यात जमा. आपल्याकडे मोकाट गुरं गावच्या कोंडवाड्यात जायची, तसंच काहीसं. आणि हा 'मेस्ता' लॅटिन 'मिक्स्ता'वरून, म्हणजे 'मिसळलेली' जनावरं.

या लॅटिन शब्दाचं मूळ आणि आपल्या संस्कृत 'मिश्र'चं मूळ एकच आहे. 'मिश्र'वरून मराठीत मिसळणे आणि मिसळ. म्हणजे टेक्सासच्या माळावर उधळणारा मस्टँग आणि फरसाण-तर्रीची मिसळ हे शब्द एकाच घराण्यातले आहेत! पोर्तुगिजांनी गोव्यात मिश्र वंशाच्या लोकांसाठी वापरलेला 'मेस्तीसो' हाही याच घरातला, आणि इंग्रजी 'मिक्स' तर सख्खा. अटलांटिकपलीकडचा घोडा आणि आपल्या ताटलीतला पदार्थ यांना जोडणारा असा सरळ धागा फार क्वचित हाती लागतो, म्हणून त्याचं इतकं अप्रूप वाटतं.

इथे काही नामांकित इंग्रजी कोशांशी माझं भांडण आहे. ते सांगतात की मस्टँग हा 'मेस्तेंगो' आणि 'मोस्त्रेंको' या दोन स्पॅनिश शब्दांच्या मिश्रणातून झाला. पण मोस्त्रेंको कुठून आला? स्पॅनिश अकादमीचा कोश उघडा. तो मेस्तेंगोचंच बदललेलं रूप आहे. बेवारशी जनावर सापडलं की ते चारचौघांत दाखवून जाहीर करायची सक्ती होती, म्हणून 'दाखवणे' या अर्थाच्या 'मोस्त्रार'ची छाप त्याच्यावर पडली. म्हणजे मूळ पुन्हा मेस्तेंगोच. लेकीला आईच्या शेजारी बसवून दोघींना आई म्हणायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आता माझं मत, आणि ते मी ठामपणे मांडतो: विमानाला यापेक्षा अचूक नाव मिळणं शक्य नव्हतं. हे नाव अमेरिकेने दिलेलंच नाही. १९४० मध्ये ब्रिटिशांना लढाऊ विमानांची निकड होती. त्यांच्या खरेदी आयोगाने नॉर्थ अमेरिकन कंपनीला दुसऱ्या कंपनीचं पी-४० हे लढाऊ विमान बनवून द्यायला सांगितलं. कंपनी म्हणाली, त्यापेक्षा चांगलं नवंच बनवून देतो. १०२ दिवसांत सांगाडा कारखान्याबाहेर आला, इंजिन मात्र यायचं होतं. मुख्य रचनाकार एडगर श्म्यूड जर्मनीत जन्मलेला, ब्राझीलमार्गे अमेरिकेत आलेला. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांनी नाव ठेवलं मस्टँग. अमेरिकेत सुरुवातीला 'अपाची' नाव चाललं होतं, ते मागे पडलं.

पहिल्या मस्टँगला अमेरिकी ॲलिसन इंजिन होतं. खालच्या थरात ते उत्तम चालायचं, पण साधारण साडेचार हजार मीटरच्या वर, विरळ हवेत, दमायचं. १९४२ मध्ये रोल्स-रॉइसचा चाचणी वैमानिक रॉनी हार्कर याने ते उडवून पाहिलं आणि सुचवलं की याला आमचं मर्लिन इंजिन बसवा. मर्लिनची नवी आवृत्ती विरळ हवा दोन टप्प्यांत दाबून इंजिनात सोडायची, त्यामुळे उंचीवरही जोर टिकायचा. हे इंग्लिश इंजिन मग डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड या मोटार कंपनीने बनवलं. पंखांखाली इंधनाच्या, रिकाम्या झाल्या की टाकून द्यायच्या जादा टाक्या लावल्या. त्यांतल्या काही ब्रिटनमध्ये चक्क दाबलेल्या कागदाच्या बनवलेल्या होत्या. मार्च १९४४ पासून मस्टँग बॉम्बरांची सोबत करत इंग्लंडहून थेट बर्लिनपर्यंत जाऊन परत येऊ लागले. पैसा ब्रिटिश, कारखाना अमेरिकी, रचनाकार जर्मनीत जन्मलेला, इंजिन इंग्लिश जातीचं आणि घडवलेलं डेट्रॉइटात. याहून 'मिश्र' काय असतं? नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडाच असेल, पण शब्दाच्या पोटात जो अर्थ होता तो विमानाने अक्षरशः खरा केला.

ब्रिटिश नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गैरसमज. सी-४७ या मालवाहू विमानाला अमेरिका 'स्कायट्रेन' म्हणे आणि ब्रिटिश 'डाकोटा'. आपल्या हवाई दलाने ब्रिटिशांचं नाव चालू ठेवलं, म्हणून २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन उतरली ती आपल्या इतिहासात डाकोटा विमानंच आहेत. हे नाव म्हणजे 'डग्लस एअरक्राफ्ट कंपनी ट्रान्सपोर्ट एअरक्राफ्ट'ची आद्याक्षरं, असं जाणकार म्हणवणारे लोकही छातीठोकपणे सांगतात. पण ब्रिटिशांनी घेतलेल्या अमेरिकी विमानांपैकी काहींची नावं वाचा: बॉस्टन, बाल्टिमोर, मेरीलँड. सगळी अमेरिकेतल्या गावांची, राज्यांची. त्याच ओळीत डाकोटा बसतो. ही आद्याक्षरं मागाहून जुळवलेली वाटतात. डाकोटा हे तिथल्या मूळ रहिवाशांनी स्वतःला दिलेलं नाव आहे, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मित्र, सोबती.