रेड १ (दोन डिस्कांवर एकच डेटा) मधली पहिली डिस्क गेली, दुसरीवरून डेबियन लिनक्स बूट होत नाही. पुन्हा इन्स्टॉल करू का?

नको. इन्स्टॉलरला हातच लावू नका. दुसऱ्या डिस्कवर तुमचा सगळा डेटा आहे, नाही तो फक्त बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम.

एवढं ठासून सांगतोय, कारण बेळगावात उद्यमबागेत माझ्या मामांची फाउंड्री आहे. तिथल्या सर्व्हरवर कास्टिंगची सगळी ड्रॉइंग्ज होती आणि रेड १ मीच करून दिलेला. एका उन्हाळ्यात करंट जाऊन आला, पहिली डिस्क गेली, काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर. मी पुण्यात नोकरीला. फोनवर म्हटलं, "मामा, शनिवारपर्यंत थांबा, मी येतो." पण त्याआधी सोमवारीच माल पाठवायचा होता. सर्व्हर विकणारा आला, "दुसरी डिस्कपण रिकामीच दिसतीय ओ" म्हणाला आणि नवीन इन्स्टॉल करून गेला. चांगली डिस्क त्यात फॉरमॅट झाली. तीन वर्षांची ड्रॉइंग्ज गेली. तेव्हापासून दर गणपतीला मामा चारचौघांत म्हणतात, "ह्याच्या रेडनं बुडवलं की आम्हाला."

रेडनं नाही बुडवलं. असा एमडी-रेड (लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड) पार्टिशनची नक्कल ठेवतो, अख्ख्या डिस्कची नाही. ग्रब हा डेबियनचा बूटलोडर; त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसतो आणि पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत. ही जागा रेडच्या नकलेबाहेर आहे. इन्स्टॉलरने ग्रबसाठी एक डिस्क विचारली, मी एक सांगितली. माझी चूक ती, आणि ती दहा मिनिटांत निस्तरली असती.

तुम्ही लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा. 'एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन --रन' द्या; 'रन' म्हणजे एकच डिस्क असली तरी रेड चालू कर. रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस हे फोल्डर त्यात बाइंड करा, सीएचरूट करून (म्हणजे त्या सिस्टिमच्या आत शिरून) त्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवा. जुनी डिस्क काढली असेल तर तिचं नाव एसडीबीचं आता एसडीए झालेलं असेल, एलएसबीएलकेने (डिस्कांची यादी देणारी कमांड) आधी बघा. नवीन डिस्क जोडली, सिंक झालं, की तिच्यावरही ग्रब-इन्स्टॉल. नंतर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' मध्ये दोन्ही डिस्कांवर खूण करा, म्हणजे पुढच्या अपडेटला दोन्हीकडे लिहिलं जाईल. मग पहिलीची केबल काढून खरंच बूट करून बघा. मी घरी दोन जुन्या डिस्कांवर हे करून पाहिलं, व्हिडिओ मामांना पाठवला. त्यांनी तो अजून उघडलेला नाही.

हे सगळं जुन्या बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरचं. डिस्कवर जीपीटी (नव्या प्रकारचा पार्टिशन तक्ता) असेल तर प्रत्येक डिस्कवर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं. यूईएफआय (नवं फर्मवेअर) असेल तर दोन्ही डिस्कांवर ईएसपी, म्हणजे बूटच्या फाइलींचं फॅट पार्टिशन हवं. ते रेडमध्ये घालायचंच असेल तर मेटाडेटा १.० ठेवा. त्याचा सुपरब्लॉक (रेडची स्वतःची नोंद) शेवटी असतो, त्यामुळे फर्मवेअरला ते साधं फॅट दिसतं.

आणि काहीही करण्याआधी त्या डिस्कची डीडीने (जशीच्या तशी नक्कल करणारी कमांड) एक प्रत काढून ठेवा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, एवढं मात्र मला तेव्हाही मान्य होतं.