रोजच्या चुकीचं रोज कारण विचारू नका : ऑर्डर पॅकिंग आणि कंट्रोल चार्टबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी म्हटलं होतं की ऑनलाइन ऑर्डरी पॅक करून पाठवताना कंट्रोल चार्ट (रोजचे आकडे मांडून नेहमीचा चढउतार कुठला आणि खरा बिघाड कुठला ते दाखवणारा आलेख) वापरायला गेलात तर नेमकं कुठे अडतं ते कळवा, आणि एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून ज्यांच्या उत्तरात बाकीच्यांचंही काम होईल असे पाच निवडलेत. नवीन वाचकांसाठी थोडक्यात, मी भोसरीत ऑटो पार्टच्या लाइनवर अकरा वर्षं क्वालिटीत होते, आता गोदामांमध्ये तेच काम करते.

प्रश्न : मी भिवंडीत एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. दिवसाला साधारण ४०० ऑर्डरी जातात, त्यात कधी ५ चुकीच्या जातात कधी १३. ज्या दिवशी आकडा दोन अंकी होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर कारण लिहून मागतात आणि पिकरचे (रॅकवरून ऑर्डरचा माल काढणाऱ्याचे) प्रत्येक चुकीमागे ५० रुपये कापतात. दोन महिने झाले, सरासरी ८ च्या खाली येत नाही. काय करू?

दादा, तुमच्या प्रश्नावरच सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हेच मी जवळपास प्रत्येक गोदामात बघते आणि दरवेळी जीव तुटतो.

आधी हिशोब करू. ४०० मध्ये ८ म्हणजे २ टक्के, ०.०२. त्याला ०.९८ ने गुणा, ४०० ने भागा, वर्गमूळ काढा, ०.००७ येतं. त्याची तिप्पट ०.०२१. ती सरासरीत मिळवली की ४.१ टक्के, म्हणजे दिवसाला १६ चुका, ही तुमची वरची लाइन. वजा केली तर शून्याच्या खाली जातं म्हणून खालची लाइन नाहीच. याला पी चार्ट म्हणतात, झालं, एवढंच आहे ते. आता बघा, ५ पण आत आणि १३ पण आत. म्हणजे १३ वाल्या दिवशी काही वेगळं घडलेलंच नव्हतं, जी सिस्टीम ५ देते तीच १३ पण देते, कोणाचंही लक्ष उडालेलं नसताना. मग तुम्ही सकाळी जे कारण लिहून देता ते खरं असूच शकत नाही, ते रात्री बसून तयार केलेलं असतं, आणि ते तुम्हाला पण माहितीये.

ही गोष्ट आजची नाही. वॉल्टर शूहार्टने १६ मे १९२४ ला अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत आपल्या साहेबांना एक पानाचा कागद पाठवला, त्यात असल्या चार्टचं पहिलं चित्र होतं. म्हणणं साधंच होतं, प्रत्येक प्रोसेसमध्ये रोजची थोडी हलचल असतेच, ती वेगळी ओळखा आणि खरोखर काहीतरी बिघडलंय ते वेगळं ओळखा, दोघांचा इलाज वेगळा आहे. (हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून भारतात आले होते, आपल्याकडे कारखान्यांत क्वालिटीच्या संख्याशास्त्राला जोर आला तो तेव्हापासून.) नंतर अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञ डेमिंग लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवायचे. डब्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल, माणसाने ५० खड्ड्यांचं फावडं घालून मणी काढायचे, लाल आला की डिफेक्ट. कोणाचे ६ लाल येतात कोणाचे १४, ६ वाल्याला शाबासकी आणि १४ वाल्याला झापणं. पण डब्यातच पाचवा हिस्सा लाल असेल तर ५० मध्ये दीड ते साडेअठरा यामधलं काहीही येणार, माणूस बिचारा काय करणार. तुमचा पिकर म्हणजे तो फावडं धरलेला माणूस आहे आणि त्याचे ५० रुपये डब्यातल्या मण्यांसाठी कापले जातायत. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो, आणि धंद्याच्या दृष्टीने बघितलं तरी तोटाच आहे, कारण दंड लागला की माणूस चूक सांगायची बंद करतो. एका गोदामात मी हेच बघितलं, दंड सुरू झाल्यावर फ्लोअरवरच्या रजिस्टरमध्ये चुका अर्ध्यावर आल्या पण कस्टमरकडून ‘चुकीची वस्तू आली’ म्हणून परत येणारा माल तेवढाच राहिला.

मग करायचं काय? रोजचं कारण विचारणं बंद करा आणि महिन्याच्या सगळ्या चुका, तुमच्या २४० च्या आसपास होतील, एकत्र घेऊन बसा. दिवस विसरा. कुठल्या बिनमधल्या (रॅकच्या कप्प्यातल्या), कुठल्या दोन वस्तूंची अदलाबदल झाली, स्कॅन झालं होतं की हाताने कोड टाकला होता, ऑर्डरमध्ये एकच वस्तू होती की पाच, असं वर्गवार मोजा. मी केलंय तिथे बहुतेक वेळा मोठा ढीग दोन-तीन जागीच निघालाय. एकाच ब्रँडच्या १८० मिली आणि २०० मिलीच्या बाटल्या शेजारच्या बिनमध्ये, तेच झाकण, तोच रंग. किंवा २ च्या पॅकवर आतल्या सुट्या वस्तूचा बारकोड उघडा राहिलेला, स्कॅनर तोच उचलतो. बिन लांब करा, आतल्या बारकोडवर पट्टी मारा. अशा एका बदलाने पूर्ण शिफ्टची सरासरी खाली येते, आणि आली हे चार्टच दाखवेल, लागोपाठ आठ दिवस जुन्या सरासरीच्या खाली गेले की समजा बदल लागला. आणि हो, ज्या दिवशी खरंच १७-१८ होतील त्या दिवशी मात्र धावत जा, तेव्हाच जा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, कारण तेव्हा काहीतरी नक्की सापडेल, पुटअवे (आलेला माल जागेवर लावणं) चुकलेलं असेल, लेबल प्रिंटर एक ओळ सरकून छापत असेल.

प्रश्न : इचलकरंजीहून कपडे विकतो. पोर्टलची अट आहे डिफेक्ट १ टक्क्याच्या आत पाहिजेत. म्हणून मी चार्टवर १ टक्क्यालाच लाल लाइन मारलीये. बरोबर ना?

नाही, ती लाइन आजच पुसा. १ टक्का ही कस्टमरची किंवा पोर्टलची मागणी आहे, कंट्रोल लिमिट (आधीच्या उत्तरात काढली तशी वरची-खालची लाइन) तुमच्या स्वतःच्या आकड्यांमधून निघते, दोन्ही एका चार्टवर आल्या की डोक्यात गोंधळ होतो. तुमची सरासरी समजा १.४ टक्के आहे आणि सगळे पॉइंट लिमिटच्या आत आहेत, तर प्रोसेस एकदम स्थिर आहे आणि तरीही नापास आहे. आणि स्थिर असून नापास म्हणजे एकेका दिवसाच्या मागे लागून काही होणार नाही, काम करायची पद्धतच बदलावी लागेल. तुमच्याकडे आकाराच्या तक्रारी जास्त असतील असं माझं मत, कपड्यात तसंच असतं, आणि ते पॅकिंगचं नाही तर साइज चार्टचं काम आहे. अट वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीहून घरगुती काजू, कोकम आगळ वगैरे पाठवतो, मी आणि माझी जाऊ. दिवसाला १२-१५ ऑर्डरी. चुका क्वचित, चार्ट काढला तर सगळे शून्यच शून्य. आमच्यासारख्यांना याचा उपयोग आहे का?

ताई, आहे, फक्त चार्ट उलटा करायचा. दिवसाला किती चुका हे मोजायचं सोडा, दोन चुकांच्या मधे किती ऑर्डरी गेल्या ते मोजा, वहीत लिहिलं तरी चालेल. समजा तुमचं सरासरी अंतर ८० ऑर्डरींचं आहे. तर लागोपाठ दोन वेळा पाच ऑर्डरींच्या आतच चूक झाली, म्हणजे चूक, पुढच्या पाचात परत चूक, त्याच्या पुढच्या पाचात परत, हे नुसत्या योगायोगाने व्हायची शक्यता हजारात चारेक आहे, तेव्हा काम थांबवून बघा काय बदललं. आणि ३२० च्या वर ऑर्डरी एकही चूक न होता गेल्या तर तेही बघा, काहीतरी चांगलं झालंय, ते काय ते शोधून कायमचं करा. चांगलं झालेलं कोणी शोधतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण तुमच्याकडे याहून मोलाची एक गोष्ट आहे, काजूच्या पाकिटाचं वजन. चूक झाली की नाही यातून हो-नाही एवढंच कळतं, वजनातून कितीतरी जास्त. प्रत्येक भरणीच्या वेळी पाच पाकिटं वजन करा, सरासरी लिहा, सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकं यातला फरक लिहा. वीस-पंचवीस वेळा झालं की फरकांची सरासरी काढा, ती ०.५८ ने गुणा, आणि एकूण सरासरीच्या वर-खाली तेवढं घ्या. समजा २५० ग्रॅमचं पाकीट आहे, तुमची सरासरी २५३ आणि फरक सरासरी ६ ग्रॅम, तर लाइनी येतात २४९.५ आणि २५६.५. आता इथे मी स्वतः सुरुवातीला फसले होते म्हणून सांगते, या लाइनी पाच पाकिटांच्या सरासरीच्या आहेत, एकेका पाकिटाच्या नाहीत. ६ ला २.३२६ ने (पाच-पाचच्या गटासाठी ठरलेला आकडा) भागलं की एका पाकिटाची हलचल येते, २.६ च्या आसपास, म्हणजे चार्ट एकदम छान दिसत असताना तुमचं आठातलं साधारण एक पाकीट २५० च्या खाली जात असणार. सरासरी वाढवली तर काजू फुकट जातात. त्यापेक्षा भरायचा चमचा लहान घ्या, शेवटचे दोन-तीन काजू काट्यावर बघून टाका, फरक ६ चा ३ झाला की २५३ सरासरीतच जवळजवळ सगळी पाकिटं २५० च्या वर राहतील.

आगळाच्या बाटल्यांचं एकच सांगते, पावसाळ्यात पुठ्ठ्याचा खोका ओल धरतो आणि त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून जून ते सप्टेंबरची फुटतूट उन्हाळ्याच्या सरासरीशी लावू नका, आणि खोके जमिनीवर नको, फळीवर ठेवा.

प्रश्न : पुण्यात एका मोठ्या सेलरकडे डेटा ॲनालिस्ट आहे. दिवसाला ४०,००० ऑर्डरी, चुका १ टक्का. पी चार्ट काढला तर जवळपास रोज पॉइंट बाहेर. इतकी वाईट अवस्था आहे का आमची?

नाही, चार्ट तुमच्या आकड्यांना बसत नाहीये. तुमच्या लिमिट येतात ०.८५ ते १.१५ टक्के, फारच अरुंद. तो फॉर्म्युला असं धरून चालतो की प्रत्येक ऑर्डर चुकायची शक्यता सारखीच आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. तुमच्याकडे सोमवारी रविवारचा साठलेला माल निघतो, एका दिवशी कॉम्बो जास्त, एका दिवशी नवीन पोरं फ्लोअरवर, त्यामुळे ती शक्यताच रोज थोडी हलते. ४०० ऑर्डरींमध्ये ती हलचल दिसत नाही, ४०,००० मध्ये ठळक दिसते. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड लेनी यांनी २००२ मध्ये यासाठीच सुधारलेला पी चार्ट दिला, सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तो घ्या. नसेल तर रोजचा टक्का हा एक साधा आकडा समजा, आज आणि काल यातला फरक घ्या, चिन्ह सोडून, त्यांची सरासरी काढा आणि २.६६ ने गुणून सरासरीच्या वर-खाली लावा. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

पण एवढ्यावर थांबू नका. ४०,००० चा एकच टक्का म्हणजे पाच लाइन, तीन शिफ्ट, सगळ्याची खिचडी, त्यात एक लाइन पूर्ण बिघडली तरी दिसणार नाही. लाइन आणि शिफ्टप्रमाणे वेगळे चार्ट काढा. डिस्पॅचच्या वेळेचंही तेच, तुम्ही मेलमध्ये शेवटी लिहिलंय की सरासरी १९ तास आहे तरी तक्रारी येतात. कुरियरची गाडी संध्याकाळी ५ ला येत असेल तर ४ ची ऑर्डर तासाभरात जाते आणि ५ वाजून १० मिनिटांची पूर्ण दिवस पडून राहते, या दोघांची सरासरी काढून जो आकडा येतो तेवढा वेळ एकाही कस्टमरने बघितलेला नसतो. गाडीच्या आधीच्या आणि नंतरच्या ऑर्डरी वेगळ्या करा. दिवाळी सेलचे दिवसही वेगळ्या चार्टवर घ्या, त्यांनी मूळच्या लिमिट फुगवू नका, फुगल्या की नोव्हेंबरात काहीही बिघडलं तरी आतच दिसेल.

प्रश्न : मी पिकर आहे. आम्ही १२ जण. महिन्याच्या शेवटी बोर्डावर नावं लावतात, मागच्या महिन्यात माझ्या सगळ्यात जास्त चुका, १०. सरासरी ६ आहे. सगळ्यांसमोर नाव लाल रंगात. मी खरंच वाईट काम करतो का? प्रत्येकाचे महिन्याला १००० च्या आसपास पीस होतात.

भाऊ, तुझ्या आकड्यांवरून तसं अजिबात म्हणता येत नाही. १००० मध्ये सरासरी ६ असेल तर एका माणसाची वरची लाइन १३ च्या थोडी वर येते, १० तिच्या आत आहे. बारा जण सारखंच चांगलं काम करत असले तरी बोर्डावर कोणीतरी शेवटचा येणारच, पुढच्या महिन्यात दुसरा कोणी येईल. सुपरवायझरना हा हिशोब दाखव, हवं तर हे पान दाखव, आणि एक विचार की तुला कुठली गल्ली देतात. ज्या गल्लीत सारख्या दिसणाऱ्या वस्तू आहेत तिथे काम करणाऱ्याची तुलना मोठ्या डब्यांच्या गल्लीतल्या माणसाशी होऊच शकत नाही. दोन महिने गल्ल्या बदलून बघायला सांग, चुका तुझ्याबरोबर येतात की गल्लीतच राहतात ते कळेल. आणि कोणाचे खरंच १४-१५ झाले तर त्याला बोर्डावर टांगायच्या आधी त्याचा स्कॅनर दुसऱ्याला देऊन बघायचा, त्याच्या गल्लीतला दिवा बघायचा, आणि शेवटचे डोळे कधी तपासले ते प्रेमाने विचारायचं.