जिन्याच्या दाराला कीपॅड बसवण्यापूर्वी

पहिल्याच कामात गिऱ्हाइकाने जिन्याच्या दाराला आतूनही कीपॅड मागितला, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे, आणि धुरात चाचपडणाऱ्या माणसाने चार आकडे आठवणे हे किल्ली शोधण्याइतकेच अवघड असते. बाहेरून कीपॅड आणि आतून ढकलताच खटका सोडणारा पॅनिक बार, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते.

चुंबकी कुलूप लावायचेच असेल, तर त्याचा १२ व्होल्टचा पुरवठा फायर अलार्मच्या रिलेतून (अलार्मच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) न्या, म्हणजे अलार्म वाजताच तो तुटून दार मोकळे होईल. वीज गेल्यावर लागणारी बॅटरी मात्र रिलेच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला जोडा. पलीकडे, कुलपाच्या बाजूला जोडल्यास अलार्म वाजत असतानाही चुंबक दार धरून राहते, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, सुदैवाने चाचणीतच.

कोड वरचेवर बदलण्याची सवय गिऱ्हाइकाला लावा. रोजच्या वापराने चार बटणांवरचे आकडे पुसट होतात, आणि मग दहा हजारांऐवजी केवळ २४ जुळण्या तपासायच्या उरतात.